मिश्री, फक्त डाव्या बाजूला

मिऱ्या, रत्नागिरी
१० नोव्हेंबर २०२४

सुगंधा,

थोरली जाऊ म्हणून आशीर्वाद लिहायला हवेत, पण ते वाचूनच तू कागद चुरगळशील आणि पुढचं वाचायचं राहील. म्हणून कामाचं आधी लिहिते. खालचे दात काढू नकोस.

काल तुझा लेक संदेश एसटी स्टँडवर भेटला. पॉवरहाऊसच्या कुठल्याशा कामाला आला होता. आई कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "बरी आहे काकू, पण खालचे दात हलायला लागलेत. चिपळूणच्या डॉक्टरने सगळे काढून कवळी बसवायला सांगितलीय. पुढच्या महिन्यात काढणार." मी म्हटलं, मला फोन लावून दे तिला. तर हसला मेला. "काकू, तुझं नाव काढलं की आई टीव्हीचा आवाज मोठा करते." म्हणून हे पत्र. आता कर टीव्ही मोठा.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. वरचे दात काढायला पाच वर्षांपूर्वी मीच तुला रिक्षात घालून नेली होती. "काढून टाक गो, रोजची कटकट. कवळी बसव आणि चणे खा." त्याच तोंडाने आज काढू नकोस म्हणते. ऐक तरी का ते.

माझेही हलायला लागले. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा. आपल्या शेजारच्या कुलसुमची लेक हुदा दातांची डॉक्टर झाली, तिने एक्स-रेचा फोटो काढला. म्हणाली, "मावशी, तुमचा दात चांगला आहे. दाताला धरून ठेवणारं गेलंय." दात आणि हाड यांच्यामध्ये म्हणे धाग्यांचा एक पातळ पडदा असतो, त्याच्यावर दात उभा राहतो. तो पडदा तुटला आणि खालचं हाड झिजलं. भिंती शाबूत पण पाया गेला, अशातली गत.

तर मुंबईला दातांच्या एका मोठ्या इस्पितळात नवीन काम चाललंय. अजून बाजारात आलेलं नाही, माणसं घेऊन तपासतायत. अक्कलदाढ काढतात, जी आपण काढली की फेकून देतो ती. तिच्या मुळावर तोच पडदा ताजा असतो. तो खरवडून त्यातल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवतात आणि जिथे पाया गेलाय तिथे नेऊन बसवतात. मग तिथे पडदा आणि हाड नव्याने धरेल अशी आशा. हुदा म्हणाली, आशा, खात्री नाही.

मी नाव दिलंय. आधी माझ्या तोंडात होऊ दे. जमलं तर तुझ्यासाठी बघू, फसलं तर तू हस. हसायचा हक्क तुझाच आहे.

तुझी खालची अक्कलदाढ अजून आहे ना? तेवढी तरी राख. आणि मिश्री सोड. तू कधीच कुणाचं ऐकलं नाहीस म्हणून ही वेळ आली तुझ्यावर. मी तर सोडल्यातच जमा आहे.

कमळा

मिऱ्या
२ डिसेंबर २०२४

सुगंधा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण संदेशला फोन केला तर म्हणाला, चिपळूणचं पुढे ढकललंय, आई म्हणते थंडीत नको. बरं झालं. थंडी चांगली लांब पडो.

माझी डावीकडची वरची अक्कलदाढ काढली. माझी वेदिका सोबत आली होती, सासरहून रजा काढून. दाढ चिमट्यात धरून डॉक्टरीणबाईने मला दाखवली आणि लगेच गुलाबी पाण्याच्या बाटलीत टाकून बाटली आत नेली. मी इतकी वर्षं दात घासले, पण मुळाकडून दात कसा दिसतो ते पहिल्यांदा बघितलं. मुळावर ओलसर पापुद्रा होता, करवंटीवर उरलेल्या खोबऱ्याएवढाच. त्याच्यातून म्हणे लाखो होणार.

आता सहा आठवडे थांबायचं. पेशींना रोज गार-गरम बघतात, खाणं बदलतात, दुसरं काही वाढू देत नाहीत. माझी लेकरं मुंबईत कुणीतरी सांभाळतंय असंच वाटतंय. हे म्हणतात, "कमळे, या वयात तुझं बाळंतपण!" यांना म्हटलं, डोहाळे माझे पुरवा मग, कुळथाची पिठी तुम्ही करा. केली, पण खारट केली.

तिथे एक मोठा फॉर्म भरून घेतला. रक्तदाब, साखर, सगळं. एक मुलगा विचारत होता, "तंबाखू खाता का? ओढता का?" मी म्हटलं, छे! सात जन्मात नाही. आणि खरंच सांग, आपल्यात कुणी मिश्रीला तंबाखू खाणं म्हणतं का? तंबाखू भाजून पूड केलेली असते हे खरं, पण ती दाताला लावायची वस्तू. खातो कुठे आपण? थुंकून टाकतो. त्याने मिश्रीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या मुंबईच्या मुलाला मिश्री ठाऊकच नसेल, त्याला मी काय करू?

हुदाला ठाऊक आहे. तिने विचारलं होतं. तिला मी सोडली म्हणून सांगितलं. सोडलीच आहे, पहाटेची एक सोडून.

कमळा

मिऱ्या
२२ जानेवारी २०२५

सुगंधा,

झालं. आठ दिवस झाले. बोलायचं नाही, चावायचं नाही, उजवीकडे ब्रश लावायचा नाही. पेज आणि गार दूध. मी गप्प बसलेय म्हणून गल्लीतल्या बायका मला बघायला येतात.

तुला सांगते कसं केलं. भूल दिली, हिरडी उघडली, आतली घाण साफ केली. मग ती पेशींची साय आणली. सायच गो, दुधावर धरते तशी, दिसेल न दिसेल इतकी पातळ. मुळावर ती चिकटवली, खड्ड्यात हाडाची भुकटी भरली आणि टाके घातले. हे बाहेर बसले होते. डॉक्टरीणबाईला म्हणाले, "म्हणजे कलमच बांधलंत की!" ती म्हणाली, "नाही काका, कलमाला दुसऱ्या झाडाची काडी लागते. हे यांचंच यांना." यांना ते पटलं नाही. घरी येईपर्यंत गाडीत कलमच म्हणत होते.

भीतीने महिनाभर मिश्रीला बोट लावलेलं नाही. खरंच, पहाटेचीसुद्धा नाही.

बोलायला बंदी असली की माणूस स्वतःचंच बोललेलं ऐकत बसतो. मला सारखी वेदिकाची हळद ऐकू येते. तू नवी कवळी घालून आली होतीस, मोतिया रंगाची साडी नेसून. छान दिसत होतीस. सगळ्या म्हणत होत्या, सुगंधा किती तरुण दिसते. आणि मी, नवरीची आई, पंचवीस बायकांत म्हटलं, "दिसेल नाही तर काय! दात रात्री ग्लासात झोपतात तिचे, दमतच नाहीत." सगळ्या खो खो हसल्या. तूही हसलीस, पण ओठ मिटून. हळद लावून झाली, तू हात धुतलेस, रघूभावजींना उठवलंस आणि निघालीस. चार गणपती झाले, तू या घरात पाऊल टाकलं नाहीस.

मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणणार होते. पण कळलं होतं. तुझे मिटलेले ओठ मी बघितले होते. तुझं कौतुक चाललं होतं, ते मला सोसवलं नाही. बस.

चिपळूणचं काय ठरलं?

कमळा

मिऱ्या
२० मार्च २०२५

सुगंधा,

शिमगा झाला. पालखी घरी आली, दारात नाचवली. यांनी खांदा दिला आणि आता कंबर धरून बसलेत. तुझ्या नावाने देवाला नारळ ठेवला. तुला चालत नसेल तर सांग, पुढच्या वर्षी नाही ठेवणार.

माझं उत्तम आहे. टाके केव्हाच निघाले. उजवी बाजू ठणठणीत. फेब्रुवारीत मुंबईला दाखवलं, म्हणाले छान भरतंय.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बायका मागीलदारी पायरीवर बसल्या. तू गेल्यापासून त्या पायरीवर कुणी बसत नव्हतं. कुणीतरी डबी उघडली. नुकती भाजलेली होती. वास तुला माहीत आहे. मी उठून आत जाणार होते.

जाऊ दे. ते काही महत्त्वाचं नाही. काम झालंय ते उजवीकडे. डाव्या बाजूचा त्याच्याशी काय संबंध? तोंडाला दोन बाजू देवाने उगीच का दिल्यात?

संदेश म्हणाला, चिपळूण आता परीक्षा संपल्यावर. कुणाची परीक्षा? तुमच्या घरात परीक्षा द्यायला उरलंय कोण?

कमळा

मिऱ्या
९ मे २०२५

सुगंधा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

गेल्या महिन्यात उजवीकडची हिरडी सुजली. पुढच्या दाढेपाशी फट पडली, रक्त यायला लागलं. चार दिवस मिठाच्या गुळण्या केल्या, कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी कुलसुमने माझं तोंड बघितलं आणि हाताला धरून हुदाच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

हुदाने आरसा घालून बघितलं. दोन्ही बाजू तपासल्या. मग म्हणाली, "मावशी, मिश्री लावता?"

मी म्हटलं, "लावते. पण फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे बोटसुद्धा नेलेलं नाही, देवाशपथ."

तिने आरसा खाली ठेवला. "मावशी, तोंडाच्या मधे भिंत असते का?"

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली नाही. समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. मिश्रीतला तंबाखू थुंकीत मिसळून सगळीकडे जातो, रक्तातही जातो. त्याने हिरडीला रक्त कमी मिळतं आणि नव्या पेशी उपाशी राहतात. ज्यांना सहा आठवडे माणसं ताटलीत जपत होती, त्यांना मी आपल्या तोंडात उपाशी मारत होते. मी तिथेच खुर्चीत रडले गो. तोंडात कापूस, नाकातून पाणी. कुलसुम आधी हसली, मग तिने पदराने माझं तोंड पुसलं.

हुदाने माझ्यासमोर मुंबईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा." मी सांगितलं. त्या फॉर्मचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "कमळाबाई, तुमचं नाव आम्हाला मोजणीतून काढावं लागेल. पण तुमची तपासणी सोडणार नाही. आजपासून बंद करा." पुढच्या माणसाला ते तंबाखूबरोबर मिश्रीचंही नाव घेऊन विचारणार आहेत म्हणे. एवढं तरी माझ्या मूर्खपणाने झालं.

हे मी तुला कळवलं नसतं तर झाकून राहिलं असतं. उद्या दाढ पडली असती तर मी म्हटलं असतं, नवीन औषध, नाही लागलं. पण मग तू म्हणाली असतीस, बघा, कमळाचं फसलं, औषधच खोटं, आणि चिपळूणला जाऊन बसली असतीस. म्हणून सांगते. औषध खोटं नाही. खोटी मी आहे.

आणि आता निघालंच आहे तर शेवटचंही ऐक.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू मिश्री सोडली नाहीस म्हणून तुझे दात गेले. ते लिहिताना माझा हात कसा झडला नाही! तू या घरात आलीस तेव्हा वीस वर्षांची होतीस. तुझी दाढ दुखत होती. सासूबाईंना सांगायची छाती नव्हती, म्हणून मागीलदारी पायरीवर तोंड दाबून रडत होतीस. मी माझ्या डबीतली चिमूट तुझ्या तळहातावर ठेवली. "लाव, बरं वाटेल." तुला भोवळ आली, तू सगळं थुंकून टाकलंस आणि म्हणालीस, "नको हो वहिनी." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तुझी दाढ दुखत होती म्हणून पहिल्या दिवशी दिली. नंतर दिली ती माझ्यासाठी. आठ वर्षं मी त्या पायरीवर एकटी बसत होते. घरातली सगळी कामं संपली की ती पंधरा मिनिटं माझी असायची, आणि बोलायला कुणी नसायचं. तू आलीस. तुला मिश्री लागली तर तू रोज येऊन बसशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बसलीस, सव्वीस वर्षं बसलीस. सासूबाईंच्या नकला केल्यास, पोरांची दुखणी सांगितलीस. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख त्या पायरीवर होतं, आणि त्याचे दाम तुझ्या दातांनी मोजले. मग त्याच दातांवरून मी पंचवीस बायकांना हसवलं.

माफ कर असं लिहायला मी धजत नाही. फक्त दात काढू नकोस. तेवढं कर.

डबी मी खाडीत टाकली.

कमळा

मिऱ्या
२० ऑगस्ट २०२५

सुगंधा,

फोटो निघाला. हुदाने जानेवारीचा आणि आताचा शेजारी शेजारी लावून दाखवला. मागच्या दाढेपाशी जिथे काळा खड्डा होता तिथे पांढरं भरलंय. हाड आहे ते. तिने बोटाने हलवून बघितली, हलत नाही. पुढच्या दाढेचं, जिथे फट पडली होती, तिथे अर्धंच भरलं. ती थोडी हलते.

मी विचारलं, "मी ती चिमूट घेतली नसती तर दोन्ही भरल्या असत्या का?"

हुदा म्हणाली, "सांगता येत नाही मावशी. कदाचित. आणि भरलंय त्यातलं पेशींचं किती, हाडाच्या भुकटीचं किती, तेही अजून शोधतायत. तुम्हाला खोटं कशाला सांगू?" मला ती पोर आवडते. हे मात्र गावभर सांगत सुटलेत की कलम लागलं.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सुका बोंबील भाजला आणि उजव्या बाजूने चावून खाल्ला. दीड वर्षाने. पहिला घास घेताना कडकड आवाज आला तर भीतीने थांबले, तो बोंबलाचा होता.

तुझ्याविषयी हुदाशी बोलले. पेशींचं वचन देत नाही म्हणाली. मुंबईत पुन्हा माणसं कधी घेतील ते माहीत नाही, आणि घेतली तरी तोंड तपासून, मिश्री सुटून महिने झालेत का ते बघूनच घेतील. पण ते नाही झालं तरी मुळापर्यंत नीट साफसफाई करून आणि मिश्री बंद करून, आहेत ते दात बरीच वर्षं टिकवता येतील. सगळे काढायलाच हवेत असं तिला संदेशने पाठवलेल्या फोटोवरून वाटत नाही. हो, फोटो मी त्याच्याकडून मागवला. शिव्या मला दे, त्याला देऊ नकोस.

सत्तावीसला गणपती आहेत. मखर हे करतायत, वाकडं होणार. तुझ्या हातच्या मोदकांना कळ्या पडायच्या, माझ्या पडत नाहीत. बोलावते असं नाही. सांगून ठेवते.

कमळा

मिऱ्या
३ सप्टेंबर २०२५

सुगंधे,

संदेश आणि रघूभावजी आले तेव्हा मी त्यांच्या मागे बघत राहिले. रिक्षा रिकामी परत गेली. आत जाऊन मी मोदकांचं पीठ मळलं.

गौरीला त्याच सगळ्या बायका जमल्या होत्या. फुगड्या झाल्यावर मी मधे उभी राहिले आणि सांगितलं, सुगंधाच्या तोंडाची वाट मी लावली, पहिली चिमूट माझी होती, आणि वर तिची चेष्टाही मीच केली. कुणी हसलं नाही. दोघी-तिघींनी कमरेची डबी पदराखाली झाकली, ते मी बघितलं.

काल विसर्जन करून आल्यावर संदेशने खिशातून घडी काढली. "आईने सांगितलं होतं, गणपती गेल्यावर दे. आधी दिलंस तर काकू रडून मोदक बिघडवेल." बघ कशी आहेस! चार ओळी लिहिल्यास आणि त्याही सात दिवस पोराच्या खिशात ठेवल्यास.

तुझ्या ओळी मला पाठ झाल्यात. "अक्कलदाढ आहे, खालची, डावीकडची. तुझं मे महिन्याचं पत्र आलं त्या दिवसापासून मिश्री लावलेली नाही. चिपळूणचा दिवस चारदा पुढे ढकलला, आता सांगायला कारणं उरली नाहीत, तेव्हा हुदाची वेळ घे. आणि कवळी मी रात्री ग्लासातच ठेवते, ज्याला हसायचं त्याने हसावं."

वेळ घेतली आहे. सोमवारी सकाळी अकरा. हे पत्र संदेशच्याच हाती देतेय. रविवारी ये, म्हणजे संध्याकाळी नीट जेवशील. पिठी मी करीन, यांना करू देणार नाही. सोमवारी पहाटे मागीलदारी पायरीवर बसू. हाताला चाळा हवाच, म्हणून वालाच्या शेंगा आणून ठेवल्यात, सोलत सोलत बोलू. चार वर्षांचं बोलणं आहे, शेंगा पुरणार नाहीत.

तुझ्या जुन्या खोलीत अंथरूण घातलंय. सासूबाईंचा तो निळ्या फुलांचा काचेचा ग्लास आठवतो? पाहुण्यांशिवाय कधी काढू द्यायच्या नाहीत तो. आज फळीवरून काढला, राखेने लख्ख घासला आणि पाणी भरून तुझ्या उशाशी ठेवलाय.

तुझी,
वहिनी